खुराड्याच्या आत

कोंबड्या पाळायच्या म्हटले की माणूस आधी खुराडे बाहेरून पाहतो. भिंत केवढी आहे, पत्रा कसला आहे, कडी मजबूत आहे ना, एवढेच बघतो. आम्हीही तसेच केले. आतली मांडणी कशी असावी याचा विचार आम्ही मागाहून केला. तोवर चार कोंबड्या गेल्या होत्या. म्हणून या धड्यात बाहेरच्या भिंतींविषयी थोडे आणि आतल्या मांडणीविषयी जास्त सांगणार आहोत.

आधी आमची फजिती ऐका.

2018 साली आम्ही शाळेतून निवृत्त झालो आणि भोरच्या डोंगराकडच्या आमच्या गावी येऊन राहिलो. इकडे पाऊस दांडगा. पीक भाताचे. घरात आम्ही दोघेच. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कुटुंबाची भिशी लागली. त्या पैशांतून तिने दहा तलंगा आणि एक कोंबडा घेतला. अंडी विकून आपला वरखर्च आपण काढावा, दहा-वीस रुपयांसाठी दर वेळी नवऱ्यापुढे हात पसरायला नको, असे तिच्या मनात होते. हे ती बोलली नव्हती. पण पस्तीस वर्षांच्या संसारात न बोललेलेही कळते.

खुराडे आम्ही बांधतो म्हणालो. मुलांना भूमिती शिकवण्यात आमचा जन्म गेला. आम्ही चौकटीचा कागद घेतला, पट्टी घेतली आणि झकास नकाशा काढला. विटांच्या भिंती घातल्या. आतून-बाहेरून गिलावा केला. आमच्या डोक्यात एकच भीती होती, मुंगूस आणि रानमांजर. म्हणून मुंगी शिरेल एवढीही फट कुठे ठेवली नाही. दार सबंध फळ्यांचे केले. अंडी काढताना आपल्याला वाकावे लागू नये म्हणून अंडी घालायचे खण वर, तीन फुटांवर बसवले. कोंबड्यांना चढायचा त्रास नको म्हणून रात्री बसायची दांडी जमिनीपासून वीतभर उंचीवर लावली. पाण्याचे परळ आतच ठेवले, दांडीच्या खाली. कारण तो कोपरा रिकामा दिसत होता. गावातली मंडळी येऊन बघून गेली. एकजण म्हणाला, "गुरुजी, यात माणूस राहील!" आम्हाला फार बरे वाटले.

मृग लागला आणि आमच्या नकाशाची परीक्षा सुरू झाली.

दांडीवर एकही कोंबडी बसेना. अंधार पडला की अकराच्या अकरा पाखरे वरच्या तीन खणांत चढायची. एकीच्या अंगावर दुसरी. रात्रभर त्यांची विष्ठा त्या खणांतच पडायची आणि सकाळी त्याच विष्ठेत अंडी. धुवावीत तर अंडी लवकर नासत. न धुवावीत तर कोण घेणार? खाली परळातले पाणी सांडून भाताचे तूस भिजले. पहिल्यांदा वास आला. मग कोंबड्या शिंकू लागल्या. त्यांच्या डोळ्यांत फेस दिसू लागला. नागपंचमीपर्यंत चार मेल्या.

मेलेली एक कोंबडी आम्ही पिशवीत घालून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी ती उघडून पाहिली. म्हणाले, "ही मानमोडी नाही. हिची छाती धरलेली आहे. तुमच्या खुराड्यात हवा खेळत नसावी."

घरी आलो. कुटुंब म्हणाली, "अहो, राहिलेल्या बाजारात विकून या. आपल्याला नाही जमायचं ते." रागावून बोलली असती तर आम्हाला इतके लागले नसते.

दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी आली. सारा गाव तिला आत्या म्हणतो. तिने आमचा नकाशा मागितला नाही. ती म्हणाली, "गुरुजी, उद्या पहाटं दार उघडताना कोंबड्या भाईर सोडायच्या आधी आत डोस्कं घाला. धा आकडे मोजा. मग मला सांगा."

आम्ही पहाटे उठलो, दार उघडले, गुडघे टेकले आणि डोके आत घातले. चारपर्यंत मोजले. पुढे मोजवेना. डोळ्यांतून पाणी आले, घशात खवखव सुटली. त्या वासात आमच्या कोंबड्या रोज बारा बारा तास काढत होत्या.

आत्या हसली. म्हणाली, "कोंबडी म्हंजी शाळंतलं प्वार न्हाई, हितं बस म्हटलं की बसायला. तिला जिथं बसायचं असतं तिथं ती बसती. आपुन आधी ते बघायचं, मग बांधायचं."

त्यानंतर आम्ही खुराड्यात फोडतोड केली. ते आतून कसे मांडले आणि का, ते आता सांगतो. तुमचे खुराडे अजून बांधायचे असेल तर उत्तमच. फोडतोडीचा खर्च वाचेल.

पहिला हिशेब जागेचा. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या आणि रात्री आत येणाऱ्या एका कोंबडीला दोन चौरस फूट जागा धरावी. दहा कोंबड्या आणि एक कोंबडा मिळून पाखरे झाली अकरा. अकरा दुणे बावीस. आता सहा फूट लांब आणि चार फूट रुंद जागा घेतली तर सहा चोक चोवीस. बावीस लागतात, चोवीस आहेत. पुरे झाले. दिवसभर कोंडूनच ठेवायच्या असतील तर एवढ्यात भागणार नाही. तेव्हा खुराड्याला लागून जाळीचे अंगण हवे. आणि आज तुमच्याकडे पाचच कोंबड्या असल्या तरी दहांचे खुराडे बांधा. पाचाच्या दहा व्हायला वेळ लागत नाही, पण भिंत मागे सरकत नाही.

आता कागद नको. वीट आणायच्या आधी एक कोळसा नाहीतर मूठभर रांगोळी घ्या आणि अंगणात सहा फूट बाय चार फुटांचा आयत खरोखर आखा. टेप नसेल तर दोरीला फुटाफुटावर गाठी मारा. आमच्या भागात पाऊस नैऋत्येकडून, म्हणजे दक्षिण आणि पश्चिम यांच्यामधल्या दिशेने झोडपतो. म्हणून दार पूर्वेला ठेवायचे. सकाळचे ऊन आत येते आणि पाऊस पाठीवर बसतो. तुमच्याकडे पाऊस-वारा कुठून येतो ते तुम्हालाच ठाऊक. त्याच्याकडे खुराड्याची पाठ करा.

आयत आखलात? आता दारासमोर, पूर्वेच्या बाजूला उभे राहा आणि खुराड्याकडे तोंड करा. लांबी तुमच्या डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंत सहा फूट. तिचे तीन भाग करायचे. डावीकडचे तीन फूट झोपण्याचे. उजव्या टोकाचा एक फूट अंड्यांचा. मधले दोन फूट दाराचे आणि वावरण्याचे. तीन, दोन आणि एक मिळून सहा. जमिनीवर दोन रेघा मारा आणि प्रत्येक भागात त्याचे नाव लिहा: झोप, दार, अंडी. लिहिण्याचा सरावही होईल.

झोपेचा भाग सर्वांत महत्त्वाचा. कोंबडी जमिनीवर का झोपत नाही? तिचे मूळ रानकोंबडीत आहे. रानकोंबड्या अजून जंगलात आहेत. आपल्या सह्याद्रीतही राखी रंगाचा रानकोंबडा आहे. रात्र झाली की ही पाखरे झाडावर चढतात, कारण खाली कोल्हा फिरतो. आपली कोंबडी माणसाकडे येऊन हजारो वर्षे झाली, पण ती भीती तिने सोडली नाही. अंधारात तिला नीट दिसतही नाही. म्हणून दिवस मावळता मावळता ती आसपासची सर्वांत उंच जागा शोधते आणि तिथे बसते. आम्ही खण वर ठेवले आणि दांडी खाली. साहजिकच कोंबड्या खणांत झोपल्या. चूक त्यांची नव्हती.

तेव्हा दांडी उंच, खण खाली. हे एक धरून चाला. दांडी जमिनीपासून अडीच फूट. खण एक फूट.

दांड्या किती हव्यात? एका कोंबडीला दांडीवर आठ इंच जागा लागते. खुराड्याची रुंदी चार फूट, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. अठ्ठेचाळीस भागिले आठ, सहा. एका दांडीवर सहा पाखरे. आपली पाखरे अकरा. म्हणून दोन दांड्या लावायच्या, पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत आडव्या. पहिली दांडी डाव्या भिंतीपासून एक फुटावर. तिच्यापासून सव्वा फुटावर दुसरी. यापेक्षा जवळ लावल्या तर एकीची शेपटी दुसरीच्या तोंडावर येते. दोन्ही दांड्या सारख्याच उंचीवर लावा. काही ठिकाणी शिडीसारख्या चढत्या दांड्या लावतात. दिसायला छान दिसते, पण कोंबड्यांत मानपान फार असतो. सगळ्यांना वरची पायरी हवी असते आणि तिन्हीसांजेला भांडण जुंपते. पंक्तीत पाट सारखे मांडले की रुसवा नसतो.

दांडी लाकडाची करा. दोन इंची चौकोनी रीप घ्या आणि सुताराकडून वरच्या कडा रंध्याने गोल करून घ्या. बांबू स्वस्त पडतो, पण तो गुळगुळीत असतो, पाय सरकतो आणि त्याच्या पोकळ टोकांत कीड दडते. आमच्याकडे पहिली दांडी बांबूचीच होती. दांडी खिळ्यांनी ठोकून टाकू नका. दोन्ही टोकांना खाच असलेले लाकडाचे ठोकळे भिंतीत बसवा आणि दांडी त्या खाचांत नुसती ठेवा. महिन्यातून एकदा उचलून कडक उन्हात टाकता येते. हे का, ते सांगतो. कोंबडीचे रक्त पिणारा एक बारीक लाल किडा असतो. दिवसा तो लाकडाच्या भेगांत आणि दांडीच्या टोकांत लपतो. रात्री बाहेर येऊन कोंबडीला चावतो. दिवसा खुराडे कितीही बघा, दिसणार नाही. रात्री बॅटरी घेऊन जा आणि पांढऱ्या फडक्याने दांडीची खालची बाजू पुसा. फडक्यावर तांबडे डाग पडले तर समजा, किडे आहेत. मग दांडी काढून उन्हात घाला आणि तिची टोके व खाचा रॉकेलच्या बोळ्याने पुसा. ते वाळल्यावरच दांडी परत बसवा.

इथे एक अपवाद लक्षात ठेवा. गावठी कोंबडी हलकी असते, अडीच फूट सहज उडते. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींच्या कोंबड्या अंगाने भारी असतात. त्या उंचावरून उडी मारतात तेव्हा तळपायाला मार बसतो आणि पुढे गाठ धरते. अशा कोंबड्यांसाठी दांडी दीड फुटावर आणा. मग खणही खाली, जवळजवळ जमिनीलगत न्यायला हवेत. नाहीतर आमची गोष्ट तुमच्या घरी घडेल.

दांड्यांखाली काय होते ते उघड आहे. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यातली जवळजवळ निम्मी रात्री झोपेत. अकरा पाखरांची महिन्याला अठरा-वीस किलो विष्ठा एकाच जागी पडते. ती तुसात मिसळू दिली तर तूस ओले होते आणि वास उठतो. आम्ही दांड्यांच्या खाली एक फुटावर, चार फूट बाय तीन फुटांचा जुना पत्रा सपाट बसवला. त्यावर चुलीतली राख पसरतो. एक दिवसाआड लांब दांड्याच्या फावडीने तो दारातूनच ओढून साफ करता येतो. पत्र्याखालची जागाही फुकट जात नाही, कोंबड्या तिथे उकरत बसतात. खरवडलेले खत लगेच झाडाला घालू नका. ते उष्ण असते, मुळे जळतात. खड्ड्यात पालापाचोळ्यात मिसळून काही महिने कुजू द्या. मग वांग्या-मिरचीला घाला आणि बघा.

आता उजवीकडचा भाग, अंड्यांचा. चार-पाच कोंबड्यांना एक खण पुरतो. दहा कोंबड्यांना तीन झाले म्हणजे चंगळ. प्रत्येक खण एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तीन खण शेजारी शेजारी लावले तर तीन फूट होतात आणि आपली भिंत चार फुटांची आहे. म्हणजे बसतात. खणांच्या पुढे चार इंचांची पट्टी मारा, म्हणजे पेंढा आणि अंडी बाहेर घरंगळत नाहीत. वरचे झाकण उतरते करा. सपाट ठेवले तर दिवसा कोंबड्या त्यावरच बसून घाण करतील. तोंडावर गोणपाटाचा अर्धा पडदा सोडा. कोंबडीला अंडे घालायला अंधार आणि आडोसा लागतो. आपल्या घरात बाळंतिणीची खोली कशी असते, तसेच हे.

खणांच्या मागच्या भिंतीत, बाहेरच्या बाजूने, एक लांबट झडप ठेवा. अंडी काढायला आत वाकायला नको. अंडी बाहेरून काढता येत असतील तर लहान मूलही काढून आणते. मात्र झडपेला कडी हवीच.

नव्या तलंगेला खण कशासाठी आहे ते कळत नाही. ती अंड्यावर आली की कुठल्याही कोपऱ्यात बसते. तिला दाखवायला खणात एक खोटे अंडे ठेवा. चुन्याचा खडा घासून अंड्याएवढा केला तरी चालतो. ते बघून तिला वाटते, ही जागा कुणीतरी आधीच पसंत केली आहे. आणि पहिले पंधरा दिवस संध्याकाळी खणांची तोंडे फळीने बंद करा, उजाडताच उघडा. दांडीवर झोपायची सवय लागली की फळी लागत नाही. कोंबडीच्या एका अंड्यापासून पुढच्या अंड्यापर्यंत चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ जातो. म्हणून तिची अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते. पण बहुतेक अंडी सकाळच्या प्रहरी पडतात. दहा-अकरा वाजेपर्यंत कोंबड्या आत-बाहेर करू शकतील असे बघा. अंडे पडते तेव्हा त्याचे कवच ओलसर असते आणि त्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. घाणीत पडलेले अंडे घाण आत ओढून घेते. स्वच्छ पेंढ्यात पडलेले अंडे धुवायलाच लागत नाही.

आता तळ. आमच्या खुराड्याची जमीन आजूबाजूच्या अंगणापेक्षा एक फूट उंच आहे आणि वर सिमेंटचा कोबा आहे. नुसती माती असती तर घुशीने एका पावसाळ्यात बीळ काढले असते. कोब्यावर चार इंच जाडीचे भाताचे तूस पसरायचे. सुताराकडचा रंध्याचा भुसाही चालतो. आठवड्यातून एकदा दाताळ्याने ते वर-खाली करायचे. तूस चांगले आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. मूठभर उचला, दाबा आणि मूठ उघडा. ते सुटे पडले तर चांगले. लाडवासारखे राहिले तर ओले झाले आहे. ओले तेवढे काढून टाका आणि कोरडे घाला.

हवेचे आम्ही शेवटी सांगत आहोत, पण आमच्या कोंबड्या गेल्या त्या हवेवाचून. कोंबडी रात्रभर श्वास सोडते. त्यात वाफ असते. विष्ठेतून तिखट वायू निघतो, तो डोळ्यांना आणि श्वासनळीला झोंबतो. तिथली त्वचा एकदा सोलवटली की रोगाला दार उघडे. हा वायू आणि ही वाफ बाहेर जायला वाट हवी. ती वाट कोंबड्यांच्या डोक्याच्या वर ठेवायची. अडीच फुटांवरच्या दांडीवर कोंबडी बसली की तिचे डोके पावणेचार फुटांच्या आसपास येते. म्हणून चार फुटांपर्यंत भिंत भरीव आणि त्यावर जाळी. आमची पुढची भिंत साडेपाच फूट आहे, तिच्यावरचा दीड फूट सगळी जाळी. मागची साडेचार फूट, तिच्यावर अर्ध्या फुटाची जाळी. हवा एकीकडून येते, दुसरीकडून जाते आणि कोंबड्यांच्या अंगावर वारा लागत नाही. मागे पत्रा दोन फूट बाहेर काढला आहे, पाऊस आत येत नाही. दारही आता जाळीचेच आहे. फार वाऱ्या-पावसाच्या रात्री त्यावर गोणपाट सोडतो.

पुष्कळ लोक मायेपोटी खुराडे बंद करतात. कोंबड्यांना थंडी वाजेल असे त्यांना वाटते. कोंबडीच्या अंगावर पिसांची गोधडी असते. कोरडी असेल तर आपल्याकडची थंडी ती सोसते. ओल आणि कोंदट हवा तिला सोसत नाही.

मग मुंगूस? त्यासाठी भिंत नको, चांगली जाळी हवी. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जोडलेल्या जाड तारेची जाळी घ्या. षटकोनी घरांची पातळ जाळी स्वस्त मिळते, पण ती कुत्रा दातांनी फाडतो. जाळीवर लाकडी पट्टी ठेवून मग खिळे मारा. दार बाहेर उघडणारे करा. आत उघडणारे दार तुसात अडकते. कड्या दोन ठेवा, एक वर आणि एक खाली. दाराचा खालचा कोपरा ढिला असला तर रानमांजर तिथूनच पंजा घालते.

पाणी दिवसा बाहेर ठेवावे. एका कोंबडीला रोज पाव लिटर लागते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. मुसळधार पावसात आत ठेवायची वेळ आलीच तर मधल्या दोन फुटांत, दारापाशी, विटेवर ठेवा. भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आला म्हणजे ती त्यात उकरत नाही. दांडीखाली तर कधीच नको. दाणा मात्र रात्री आत ठेवू नका. दाण्याला उंदीर येतो आणि उंदरामागे साप.

खुडूक कोंबडीला या खुराड्यात उबवायला बसवू नका. एकवीस दिवस तिला शांतता हवी आणि इकडे दुसऱ्या कोंबड्या तिच्याच खणात अंडी घालत बसतात. तिला घराच्या कोपऱ्यात टोपलीत बसवा. आजारी पाखरासाठी एक डालगे खुराड्यापासून लांब ठेवा. बाजारातून आणलेली नवी कोंबडीही तीन आठवडे वेगळीच ठेवा. मानमोडीची लस कधी टोचायची ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. आणि एकदम बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या तर त्यांना हात न लावता दवाखान्यात कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा रोग पसरू नये म्हणून तिथल्या कोंबड्या मोठ्या संख्येने माराव्या लागल्या होत्या.

आमच्या खुराड्याला गवंड्याने वरून जाळीसाठी जागा फोडून दिली, सुताराने खण उतरवले आणि दांड्या चढवल्या. चार दिवसांचे काम झाले. कुटुंबाने सात कोंबड्या विकायच्या थांबवल्या, दिवाळीपर्यंत बघू म्हणाली. पहिल्या रात्री पाखरे जुन्या जागी खण शोधत भिंतीशी उभी राहिली. आत्याने बॅटरी धरायला लावली आणि एकेकीला उचलून दांडीवर बसवले. तीन रात्री तसे करावे लागले. चौथ्या रात्री सगळी आपणहून चढली. आठवडाभराने आम्ही पहाटे पुन्हा आत डोके घातले. दहापर्यंत मोजले, मग वीसपर्यंत. तुसाचा वास येत होता, एवढेच. पुढच्या महिन्यात कुटुंबाने एका जुन्या वहीत अंड्यांचा हिशेब लिहायला घेतला. ती वही आम्हाला दाखवत नाही.

शेवटची गोष्ट. नवी पाखरे आणली की पहिले चार-पाच दिवस त्यांना बाहेर सोडू नका. तेवढे दिवस दाणा-पाणी दिवसा आत, दाराजवळ द्या आणि दाणा संध्याकाळी काढून घ्या. हे आपले घर, हे त्यांच्या मनात बसू द्या. मग एका दुपारी, ऊन कलताना, दार उघडा. ती लांब जाणार नाहीत. दिवेलागणीला एकेक करून परत येतील आणि दांडीवर चढतील. सगळी चढली की मोजा आणि मगच कड्या लावा. आमच्याकडे हे मोजायचे काम कुटुंबाकडे आहे. आम्ही मोजायला लागलो की ती म्हणते, "तुम्ही राहू द्या. तुमचं गणित आम्ही बघितलंय."